कातडं कोण कमावणार? लिडकॉम आणि लिडकर यांना खुलं पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम), मुंबई
आणि
मा. व्यवस्थापकीय संचालक,
डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास निगम (लिडकर), बंगळुरू

सस्नेह नमस्कार.

डिसेंबर 2025 मध्ये तुम्ही दोघांनी मिळून प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीबरोबर सामंजस्य करार केला. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तयार होणारे कोल्हापुरी चपलांचे 2000 जोड, एका जोडाची किंमत साधारण 800 युरो, म्हणजे आपल्या पैशांत 80 हजारांच्या वर. फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाइन विक्री, शिवाय तीन वर्षांचा प्रशिक्षणाचा कार्यक्रम. बातमी आली तेव्हा कोल्हापुरात आमच्या सुभाषनगरात ज्याच्या त्याच्या फोनवर तीच होती. मला आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही. आमच्या घरात चपलेचं काम आजोबांपासून चालत आलं आहे. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की शंभर-पन्नास सोडून द्यायचे, ही सवय आमच्या अंगात मुरलेली आहे. त्याच चपलेला कुणी 800 युरो मोजणार म्हटल्यावर ऊर भरून येणारच.

पण करारानंतरच्या भाषणांत, मुलाखतींत, फोटोंत मला एक माणूस कुठेच दिसला नाही. चप्पल शिवणारा दिसला, विकणारा दिसला, मंत्री दिसले, अधिकारी दिसले. कातडं कमावणारा दिसला नाही. आमच्या घरात चप्पल होते, कातडं नाही. ते आम्ही कायम ढोर समाजाच्या कारागिरांकडून घेत आलो. तेव्हा मी स्वतःसाठी काही मागायला हे पत्र लिहीत नाही. ज्याच्या मालावर माझं काम उभं आहे, त्याच्याविषयी लिहितो आहे.

हे तुम्हालाच का लिहितो, तेही सांगतो. जून 2025 मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये आपली चप्पल दिसली. नाव मात्र कुठे नव्हतं, नुसतं चामड्याचं सँडल. इथे संताप झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात यावर जनहित याचिका झाली होती, ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की भौगोलिक मानांकनाचा जो नोंदणीकृत धनी आहे, त्यानेच दाद मागायला यायला हवं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या मानांकनाचे धनी तुम्ही दोघं आहात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे तिकडचे चार. या आठ जिल्ह्यांतल्या प्रत्येक हाताच्या वतीने बोलायचा हक्क कायद्याने तुमच्याकडे आहे. मग त्या हातांतला पहिला हात कुणाचा, हे तुम्हाला विचारायचं नाही तर कुणाला?

पिशवी पद्धतीने कातडं कमावताना ज्याने पाहिलेलं नाही त्याला ते काम सांगून नीट कळत नाही, तरी सांगतो, कारण करारावर सह्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नसणार. मिठात मुरवलेलं कच्चं कातडं आधी धुऊन, भिजवून मऊ करायचं. मग चुन्याच्या हौदात काही दिवस ठेवायचं. चुन्याने केस सुटतात. ते ओंडक्यावर पसरून, दोन्ही हातांनी धरायच्या वाकड्या सुरीने एका अंगाचे केस आणि दुसऱ्या अंगाला चिकटलेलं मांस खरवडून काढायचं. हात जरा जड पडला की छेद जातो आणि तेवढी जागा वाया. पुन्हा धुवायचं. चुना पुरता निघाला पाहिजे, नाहीतर पुढे रस धरत नाही. मग कुटलेली बाभळीची साल आणि हिरडा. सुरुवातीला पातळ पाण्यात कातडं मुरू द्यायचं. नंतर ते दुमडून कडेने शिवायचं, त्याची पिशवी करायची, लाकडी मांडणीला टांगायची आणि तोंडातून साल, हिरडा, पाणी भरायचं. पिशवी झिरपत राहते. खाली ठेवलेल्या भांड्यात तांबूस पाणी थेंबाथेंबाने जमतं, ते उचलून परत वरून ओतायचं. दिवसभर हेच. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, कारण वरच्या भागाला रस कमी पोचलेला असतो. अखेर शिवण उसवायची, कातडं धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. सगळं मिळून महिना जातो, पावसाळ्यात त्याहून जास्त. मधूनच कमावणारा कडेचा एक बारीक तुकडा कापून उजेडात धरतो. कापात मधोमध पांढरट रेघ दिसली तर रस आतपर्यंत गेलेला नाही. ती रेघ ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही, पण ती ओळखणारे डोळे आता मोजके उरले आहेत.

अशा कातड्याचा तळ पहिल्या दिवशी दगडासारखा लागतो. तेल पाजून, चार दिवस घालून तो पायाच्या ठशाप्रमाणे बसतो आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. घाम पितो. वादीने शिवलेला जोड उसवला तर परत शिवता येतो, खिळा लागत नाही. लोक कोल्हापुरीचं कौतुक करतात ते वेणीचं, गोंड्याचं, करकर आवाजाचं. आम्ही कारागीर जोड हातात घेतल्यावर आधी तळ वाकवून बघतो. कापशी असो नाहीतर पायताण, तळाला कातडं कुठलं लावलंय, यावर तिची किंमत ठरते.

आता आपल्या भागातलं खरं चित्र. पिशवी पद्धतीने कातडं कमावणारी घरं संपत आली आहेत. सुभाषनगरात किंवा जवाहरनगरात आज जे कातडं येतं त्यातलं पुष्कळ तामिळनाडूतून येतं. ते कातडं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिकडेही दिंडीगुल, इरोड भागात सालीने कमावण्याची जुनी परंपरा आहे. पण मानांकन ज्या आठ जिल्ह्यांचं, त्यांच्यातलं कातडंच जर त्या चपलेत नसेल, तर आपण विकतो आहोत ते नेमकं काय? स्वस्त मालात तर क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी रसायनाने कमावलेलं, कातडं सर्रास शिरलं आहे. ते ढोलात घातलं की एक-दोन दिवसांत तयार. त्याचा जोड दिसायला तसाच दिसतो आणि पर्यटकाला फरक कळत नाही.

हे असं एका दिवसात झालं नाही. महाराष्ट्रात 2015 मध्ये जनावरांच्या कत्तलीचा कायदा बदलला, त्यानंतर बैलाच्या कातड्याची वाट जवळजवळ बंद झाली आणि भिस्त म्हशीवर आली. कायदा बरा की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. विषय हा आहे की म्हशीचं किंवा मेलेल्या जनावराचं कायदेशीर कातडं घेऊन जाणारा टेम्पोवालासुद्धा आज घाबरून असतो. रस्त्यात कुणी अडवलं तर दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो. म्हणून तो या धंद्यातून निघतो आणि त्याच्यामागे कमावणाराही निघतो, कारण कच्चा माल वेळेवर मिळाला नाही की हौद रिकामा राहतो. तुमच्या शिक्क्याची एक साधी पावती, कातडं कुठल्या जनावराचं, कुठून आलं, कुठे चाललं, एवढी जरी त्याच्या खिशात असली तरी तो निर्धास्त गाडी चालवेल. याला मोठी योजना लागत नाही. पशुसंवर्धन खातं आणि तुम्ही एका टेबलाशी बसलात की झालं.

दुसरं कारण पाणी. कातडं कमावायला भरपूर पाणी लागतं आणि चुन्याचं, मांसाचं, सालीचं सगळं त्या पाण्यात उतरतं. पंचगंगेच्या प्रदूषणावरून कोल्हापुरात किती आंदोलनं झाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती योग्यच होती. नदीत हे पाणी सोडा, असं कुणीच म्हणणार नाही. पण प्रदूषणाच्या वर्गवारीत टॅनरी, म्हणजे कातडं कमावण्याचा कारखाना, लाल यादीत येते, आणि परवान्याला लागणारं शुद्धीकरण यंत्र परसात दोन हौद असलेल्या माणसाला परवडत नाही. त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात, चोरून करायचं किंवा सोडायचं. बहुतेकांनी सोडलं.

आणि तिसरं कारण, जे भाषणांत कुणी उच्चारत नाही. वास आणि जात. कातडं कमावणाऱ्याच्या पोराला वर्गात कुठे बसवलं जायचं, खोली भाड्याने मागायला गेल्यावर काय ऐकावं लागायचं, चुन्याने फाटलेल्या हातांकडे लोक कसे बघायचे, हे सगळं आमच्या दोन गल्ल्या पलीकडेच घडत होतं. आम्हीही त्या उतरंडीत त्यांच्या एक पायरी वर उभे होतो, हेही खरं आहे. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढायचं काम सोडून द्या असं सांगितलं, ते या अपमानातून माणसाला बाहेर काढण्यासाठी. तेव्हा ज्यांची पोरं शिकली, नोकरीला लागली, ज्यांनी हौद बुजवला, त्यांना वारसा जपला नाही म्हणून बोल लावायचा हक्क तुम्हाला नाही आणि मलाही नाही. कुणाच्याही पोराने बापजाद्यांचा धंदा म्हणून हे काम करू नये. ज्याला करायचं असेल, तो कुठल्याही जातीचा असो, त्याला पोटभर पैसे, हातमोजे, बूट, स्वच्छ शेड आणि मान मिळत असेल तरच त्याने ते करावं. त्याशिवाय हे कसब टिकवा म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या हालांवर आपली संस्कृती मिरवणं आहे.

हे सगळं मिळणं अशक्य आहे का? ज्या कंपनीशी तुम्ही करार केलात तिच्याच देशाकडे बघू. प्राडाची सुरुवात 1913 मध्ये मिलानमध्ये चामड्याच्या वस्तूंचं दुकान म्हणून झाली. पण या महागड्या बॅगा आणि बूट बनतात ते मोठ्या प्रमाणात इटलीच्या तोस्काना प्रांतात. फ्लॉरेन्सजवळच्या स्कांदिच्चीत बॅगा शिवणाऱ्या कार्यशाळा आहेत आणि आर्नो नदीकाठच्या सांता क्रोचे नावाच्या लहानशा गावाभोवती शेकडो टॅनरी आहेत. शिवणारा, कडा रंगवणारा, बक्कल बनवणारा, कातडं कमावणारा, सगळे तासा-दीड तासाच्या अंतरात. मोठ्या ब्रँडची भिस्त या लहान लहान कारखान्यांवर असते.

आणि हे ब्रँड कुठे पैसा घालतात ते पाहा. 2022 मध्ये प्राडाने सांता क्रोचेतल्या कोंचेरिया सुपिरिअर या टॅनरीत सुमारे 43 टक्के वाटा विकत घेतला. त्याआधी 2014 मध्ये फ्रान्समधली एक टॅनरी घेतली होती. कंपनीकडे डिझायनर आहेत, दुकानं आहेत, नाव आहे. तरी ती टॅनरीत हिस्सा घेते, कारण तिला कळून चुकलं आहे की चांगलं कातडं मिळेनासं झालं तर बाकी सगळ्याला अर्थ नाही. ही गोष्ट त्यांना कळते, मग आपल्या करारात ती का नाही?

त्याच भागात सालीने कमावणाऱ्या वीसेक टॅनरींनी 1994 मध्ये आपला संघ काढला. त्यांच्या कातड्याच्या वस्तूसोबत क्रमांक घातलेलं हमीपत्र येतं आणि त्या क्रमांकावरून ते कातडं कुठल्या टॅनरीतून निघालं याचा माग काढता येतो. तिकडे चेस्टनट, केब्राचो आणि मिमोसाच्या सालीचा, लाकडाचा अर्क वापरतात. मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतातलंच झाड. तेही त्यांना परदेशातून आणावं लागतं. आपल्याकडे बाभूळ बांधावर उभी आहे आणि हिरडा सह्याद्रीत पिकतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तो गोळा करून आदिवासी कुटुंबं वर्षाचा खर्च भागवतात. साखळीचं दुसरं टोक तिथपर्यंत जातं, पण कोल्हापुरी चपलेच्या कुठल्याही कागदावर त्या डोंगराचा उल्लेख नसतो.

पाण्याचंही तसंच. सांता क्रोचेच्या टॅनरींचं पाणी अक्वार्नो नावाच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथे गावाचं सांडपाणीही येतं. प्रत्येकाने आपापलं यंत्र बसवायची गरज पडली नाही. तिकडे सगळं सोन्यासारखं आहे, असं मात्र समजू नका. 2021 मध्ये याच भागातल्या टॅनरीच्या गाळापासून झालेली राख रस्त्याच्या भरावात वापरल्याच्या संशयावरून मोठी चौकशी सुरू झाली. 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर या दुसऱ्या महागड्या ब्रँडच्या एका उत्पादन कंपनीवर प्रशासक नेमला. मिलानच्या आसपासच्या उपकंत्राटी कार्यशाळांत कामगार कामाच्या जागीच झोपत होते, यंत्रं जोरात चालावीत म्हणून सुरक्षेच्या जाळ्या काढलेल्या होत्या. न्यायालयीन कागदपत्रांत नोंद आहे की दुकानात 2600 युरोला विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जुळणीसाठी पुरवठादाराला 53 युरो मिळत होते, कातडं वगैरे वेगळं. पुढे सुधारणा झाल्यावर 2025 मध्ये ती देखरेख उठली. युरोपातल्या कायद्याखाली, युरोपातल्या न्यायालयाच्या हाकेच्या अंतरावर हे घडलं. वरच्या कंपनीने खालच्या कार्यशाळेत डोकावून पाहिलं नाही, एवढंच त्याला पुरलं. इथे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत किंवा कोल्हापुरात तसं होणार नाही याची हमी कुठल्याही ब्रँडचं नाव देऊ शकत नाही. ती तुम्हालाच द्यावी लागेल.

म्हणून आकड्यांबद्दल स्पष्ट विचारतो. 2000 जोड गुणिले 800 युरो म्हणजे दुकानातल्या किमतीने 16 लाख युरो. त्यातले कातड्याला किती, शिवणाऱ्याला किती, वेणीला किती? कंपनीच्या व्यापाराच्या काही गोष्टी गुप्त राहतील, हे समजू शकतो. पण तुम्ही सरकारी महामंडळं आहात आणि मानांकन आम्हा सगळ्यांचं आहे. आमच्या वाट्याचे दर तरी तुमच्या सूचनाफलकावर लागलेच पाहिजेत, मराठीत आणि कन्नडमध्ये.

वेणीचा विषय निघाला म्हणून थोडं थांबून सांगतो. माझी आई वेणी घालते. मऊ कातड्याच्या पट्टीतून रापीने इतक्या बारीक वाद्या कापायच्या की सगळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. एक जरी जाड राहिली तरी वेणी तिथे फुगते. मग त्या ओलसर असतानाच गुंफायच्या, प्रत्येक वळशाला अंगठ्याने दाबत. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख वर्षानुवर्षं दाबून आडवं वाढलंय. कोल्हापुरी चपलेच्या जाहिरातीत जवळून फोटो काढतात तो या वेणीचाच. पण वेणी घालणाऱ्या बाईला सहसा कुणी कारागीर म्हणत नाही. ती नवऱ्याला मदत करते, असं म्हणतात. मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदीत नाव घरातल्या पुरुषाचं असतं. बचतगट काढून बायकांनी स्वतःच्या हिशोबाने काम केल्याची उदाहरणं अथणीकडे आहेत, तेव्हा हे जमत नाही असं कुणी सांगू नये. पुढची नोंदणी मोहीम काढाल तेव्हा एका घरातून दोन अर्ज घ्या. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. प्रशिक्षणाला इटलीत जाणाऱ्यांची यादी त्याच नोंदीतून निघणार असेल, तर आज जी बाई नोंदीत नाही ती उद्या त्या विमानातही नसेल.

अथणीचा उल्लेख आला, तर तेही बोलतो. आमच्याकडे काही लोकांना कर्नाटकाचं नाव घेतलं की राग येतो. चप्पल आमची, नाव आमचं, मग लिडकर कशाला, असं विचारतात. त्यांनी एकदा अथणी, निपाणी, मदभावीला जाऊन यावं. आपल्या चप्पल लाईनीतल्या दुकानांत टांगलेल्या मालातला कितीतरी माल तिथल्या समगार, म्हणजे कन्नड चर्मकार, घरांत तयार झालेला असतो. सीमा 1956 मध्ये कागदावर बदलली, पण तयार चपलांची पोती तेव्हाही इकडे येत होती आणि आजही येतात. शाहू महाराजांनी या धंद्याला आसरा दिला तेव्हा करवीरच्या बाजारात येणाऱ्याला तो कुठली भाषा बोलतो, हे विचारलं जात नव्हतं. तुम्ही दोन्ही महामंडळं एका करारावर सह्या करता, तेव्हा दर, शेड, नोंदणी, पावती या सगळ्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. नाहीतर कंपनी जिथे स्वस्त पडेल तिकडे वळेल आणि आपण एकमेकांशी भांडत बसू.

लिडकॉमने चपलेवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली, हे काम चांगलं झालं. स्कॅन केलं की कारागिराचं नाव, जिल्हा, पद्धत दिसते. आता त्यात दोन रकाने वाढवा. कातडं कुणी कमावलं आणि वेणी कुणी घातली. कातडं चेन्नईहून आलेलं असेल तर चेन्नई लिहा, क्रोमचं असेल तर क्रोम लिहा, त्यात लाज कसली? पण ज्या जोडात पिशवी पद्धतीचं, इथल्याच आठ जिल्ह्यांतलं कातडं असेल, त्याचा कोड वेगळा दिसला पाहिजे आणि त्याची किंमतही. 80 हजार मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे वाचायला आवडेल. 2000 रुपये देणाऱ्यालाही आवडेल, फक्त आजवर त्याला कुणी सांगितलं नाही.

शेडचं म्हणाल तर सुरुवात एका ठिकाणापासून करा. जागा कोल्हापूर जिल्ह्यात द्या किंवा बेळगावात, जिथे पाणी आणि ग्रामपंचायत दोन्ही राजी होतील तिथे. दहा-बारा जणांना एकत्र काम करता येईल एवढे हौद, टांगायची मांडणी, पाणी शुद्ध करायची सामायिक सोय, आणि चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतला एखादा माणूस सल्ल्याला. ही संस्था 1948 पासून याच कामासाठी उभी आहे. चुना कमी लागेल, पाणी कमी लागेल, हात कमी फाटतील, असे उपाय तिथल्या लोकांना माहीत आहेत. पिशवी पद्धत जशीच्या तशीच ठेवली पाहिजे, असा माझा हट्ट नाही. कातडं त्याच प्रतीचं निघावं आणि माणूस आजारी पडू नये, एवढं झालं तर त्यात सुधारणा करायला कमावणारे स्वतःच पुढे येतील. त्यांना विचारा मात्र. आजवर त्यांच्यासाठीच्या योजना त्यांना न विचारताच ठरल्या.

करारातल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणात कमावणाऱ्यांची एक तुकडी वेगळी धरा. प्राडाच्या अकादमीत जाणाऱ्यांना एक दिवस सांता क्रोचेला न्या. त्यांना तिथले हौद बघू द्या, हमीपत्राचा क्रमांक कसा पडतो ते बघू द्या, आणि तिथल्या टॅनरीवाल्यांनाही आपल्या माणसाने कापातली पांढरी रेघ कशी ओळखली ते बघू द्या.

दुसऱ्या खेपेच्या मालासाठी कातडं निवडायला तुम्ही बसाल, तेव्हा हे कातडं कुठून घेणार, त्याला काय दर देणार आणि ते कुणी कमावलं हे त्या माणसाचं नाव लिहून, त्याला विचारून, जाहीर करा. ही यादी निघाली की आम्हा चप्पल कारागिरांना कळेल की आम्ही कुणाच्या भरवशावर काम घेतो आहोत. सुभाषनगरातले आम्ही काही जण या कामाला लागेल तो वेळ द्यायला तयार आहोत. जुन्या कमावणाऱ्या घरांपर्यंत तुम्हाला घेऊन जाऊ. त्यातले काही जण थकले आहेत, पण अजून हयात आहेत आणि विचारलं तर सांगतात. कधी येता ते कळवा.

आपला,
सुभाषनगर, कोल्हापूर येथील एक चप्पल कारागीर